वाजवणाऱ्याची सही

मराठी माणसाला समोरचा माणूस नुसता भेटून भागत नाही. तो कुठला, कोणाचा, सिन्नरकडच्या अमक्यांपैकी की निफाडकडच्या, याचा छडा लागेपर्यंत त्याला चहा गोड लागत नाही. नाशिक-पुणे एसटीत खिडकीशी बसलेला गृहस्थ आपलं आडनाव सांगतो आणि त्याला वाटतं, सुटलो. संगमनेर येईस्तोवर शेजारच्यानं त्याचं मूळ गाव, मामाचं आडनाव आणि धाकट्या मेव्हणीची सोयरीक कुठे जमली इथपर्यंत मजल मारलेली असते. ही नुसती चौकशी नव्हे, ही विद्या आहे. जिन्यावरच्या पावलांवरून कोण वर येतंय ते ओळखणाऱ्या आणि कुकरच्या शिट्टीवरून कोणाकडे डाळ शिजतेय नि कोणाकडे बटाटे ते सांगणाऱ्या गृहिणी आमच्या सोसायटीत आहेत. त्यांच्यापुढे गुप्तहेर खातं पाणी भरेल.

याच विद्येची एक शाखा म्हणजे रेकॉर्ड लावायची, लेबल झाकायचं आणि वाजवणारा कोण ते ओळखायचं. अमेरिकेत या उद्योगाला मोठी प्रतिष्ठा आहे. लेनर्ड फेदर नावाच्या जाझ समीक्षकानं १९४६ साली ‘मेट्रोनोम’ मासिकात ‘ब्लाइंडफोल्ड टेस्ट’ नावाचं सदर सुरू केलं. डोळ्यांवर पट्टी बांधून परीक्षा! एखाद्या नामवंत वादकाला बोलवायचं, नाव न सांगता रेकॉर्ड ऐकवायची आणि त्याच्याकडून ‘हा कोण आणि कसा वाजवतोय’ ते वदवून घ्यायचं. पहिला मान मेरी लू विल्यम्स या पियानोवादिकेला मिळाला. पुढे हे सदर ‘डाउन बीट’ मासिकात गेलं आणि तिथे कित्येक दशकं चाललं. मोठमोठे बुजुर्ग तिथे येऊन आपल्या शेजाऱ्याला ओळखेनात आणि ज्याला आयुष्यभर नावं ठेवली त्याचीच रेकॉर्ड ऐकून ‘वा वा’ करून गेले.

त्यातली रॉय एल्ड्रिजची हकीकत मला फार आवडते. हा कृष्णवर्णीय ट्रम्पेटवादक, अव्वल दर्जाचा. गोऱ्यांच्या बँडमध्ये वाजवताना हॉटेलाच्या मागच्या दारानं जायची पाळी त्याच्यावर आलेली. १९५१ साली त्यानं फेदरशी पैज लावली की, वाजवणारा काळा की गोरा ते मी नुसतं ऐकून सांगतो. फेदरनं रेकॉर्डी लावल्या. एल्ड्रिजची निम्म्याहून अधिक उत्तरं चुकली आणि त्या भल्या माणसानं ते मान्यही केलं. आवाजावरून जात सांगणारे महाभाग आमच्याकडेही गल्लोगल्ली आहेत. त्यांना कोणी अजून रेकॉर्डी लावून परीक्षेला बसवलेलं नाही, म्हणून त्यांचं चाललंय एवढंच.

पण अमेरिकेत एक सोय होती. डोळ्यांवरची पट्टी सोडली की उत्तर समोर असायचं. जाझच्या रेकॉर्डीवर, निदान पुढच्या काळात तरी, ट्रम्पेटवर कोण, ड्रमवर कोण, सगळी नावं छापलेली. आपल्याकडे पट्टी रेकॉर्डीलाच बांधलेली! चित्रपटाचं नाव आहे, गाणाऱ्याचं आहे, संगीतकाराचं आहे, कंपनीचा कुत्रासुद्धा कर्ण्यात तोंड घालून बसलेला आहे. पन्नास माणसं जीव तोडून वाजवतायत, त्यांपैकी एकाचाही पत्ता नाही. कुत्र्याला मान आहे, क्लॅरिनेटवाल्याला नाही.

माझा या खेळात शिरकाव झाला तो बँकेच्या दारानं. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. माझ्या प्रमाणपत्रांवर संगीताचा एकही डाग नाही. पण वीस वर्षं मी चेक पास करतोय, आणि सही ओळखणं हा माझा धंदा आहे. सुरुवातीला आमच्याकडे नमुन्याच्या सह्यांची कार्डं लाकडी खणात लावलेली असत. आता ती कॉम्प्युटरच्या पडद्यावर येतात, पण डोळे वापरावे लागतात ते आपलेच. गंमत अशी की, कोणीही माणूस दोनदा तंतोतंत एकसारखी सही करत नाही. हुबेहूब जुळली तर उलट संशय येतो. पेन्शनर मंडळींच्या हाताला थरथर सुटते, कोणी घाईत शेवटची दोन अक्षरं खाऊन टाकतो. पण ‘ळ’ला गाठ मारायची लकब किंवा खालची रेघ ओढताना शेवटी दिलेला हिसका हा मरेपर्यंत बदलत नाही. वाद्यावर फुंकर मारणाऱ्याचंही तसंच आहे. सूर सगळ्यांचे तेच सात. पण तो सुरावर उतरतो कसा, खालून सरकत येतो की वरून टपकतो, शेवटचा सूर सोडताना थरथरवतो की कापतो, ही त्याची सही.

तर दर रविवारी सकाळी आमच्या घरी तीन-चार जणांची ही परीक्षा भरते. एक मी. दुसरे आमचे निवृत्त हेड कॅशिअर. त्यांना आम्ही काका म्हणतो. नोटांची थप्पी अंगठ्यानं फर्रकन फिरवताना त्यातली खोटी नोट ते आवाजावरून काढायचे, तेव्हा त्यांच्या कानाबद्दल शंका नको. तिसरे मास्तर. लग्नाच्या बँडमध्ये चाळीस वर्षं क्लॅरिनेट वाजवून आता ते घरी बसलेत. त्यांचं पेन्शन नाही, पण आमच्या शाखेत बचत खातं आहे. तेवढ्या धाग्यावर आमची ओळख झाली. रेकॉर्डी मी गोदाघाटावरच्या बुधवारच्या बाजारातून, जुनी कुलपं आणि तुटक्या मिक्सरांच्या ढिगातून वेचून आणतो. “अहो, घरात पंखा दुरुस्तीला आलाय आणि तुम्ही ही बिनकामाची चाकं आणताय,” असं आमच्या घरातून म्हणणं आहे. पण पोहे वेळेवर येतात.

आता इतिहास. हिंदुस्थानात ध्वनिमुद्रण सुरू झालं ते नोव्हेंबर १९०२ मध्ये, कलकत्त्यात. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग आपली यंत्रं घेऊन आला आणि त्यानं गौहर जान यांना गायला बसवलं. तीन मिनिटांत गाणं संपवून बाई शेवटी ठणकावून इंग्रजीत सांगत, ‘माय नेम इज गौहर जान’. ऐकणाऱ्याला तो तोरा वाटतो. खरं कारण असं सांगतात की, या मुद्रणांच्या तबकड्या निघायच्या जर्मनीत, हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला गौहर कोण आणि जानकी कोण हे काय कळणार? तेव्हा लेबल चिकटवणाऱ्याच्या सोयीसाठी गाणाऱ्यानंच नाव सांगून टाकायचं. माझ्या दृष्टीनं ही जगातली पहिली बोलती सही. १९०८ साली कलकत्त्याजवळ सियालदहला कारखाना निघाला आणि तबकड्या इथेच तयार होऊ लागल्या. पण मला प्रश्न पडतो तो बाईंच्या मागे बसलेल्या मंडळींचा. त्यांनाही तोंडं होती. पण सारंगीवाल्यानं मध्येच ‘माय नेम इज’ म्हटलं असतं तर काय झालं असतं, याची कल्पनाच केलेली बरी.

एक काळ मात्र असा होता की वाजवणारा डोळ्यांना दिसायचा. त्र्यंबकेश्वरात जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांनी १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ दाखवला आणि पुढे आमच्या नाशकातच कंपनी थाटून ते चित्रपट काढत राहिले. ते सगळे मूकपट. मूकपटात पडद्यावरचा माणूस मुका, पण थिएटरात पेटी-तबलेवाले पडद्यापुढे बसून वाजवत असत. त्यांना पाहता यायचं आणि शेंगांची टरफलंही मारता यायची. हनुमंत लंकेकडे झेपावला की तबलजीही झेपावायचा. १९३१ साली ‘आलम आरा’ बोलू लागला, १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. पडद्यावरचा माणूस बोलका झाला आणि पडद्यापुढचा नाहीसा झाला. सुरुवातीला गाणं नि अभिनय एकाच वेळी टिपायचे, तेव्हा वादकांना झाडाआड नाहीतर झुडपात दडवत असत असं जुने लोक सांगतात. १९३५ पासून पार्श्वगायन आलं, झुडपाचीही गरज उरली नाही. वादक कायमचा आड गेला.

गाणाऱ्यांनाही सुरुवातीला हेच भोगावं लागलं. १९४९च्या ‘महल’मधलं मधुबालाचं ते सुप्रसिद्ध गाणं घ्या. संगीत खेमचंद प्रकाश यांचं. गाणं देशभर गाजलं, पण रेकॉर्डीवर गायिका म्हणून नाव होतं ‘कामिनी’. कामिनी हे चित्रपटातल्या पात्राचं नाव! रेडिओवर गाणं लागलं की श्रोत्यांची पत्रं, ही बाई कोण? अख्खा हिंदुस्थान एकाच वेळी आमचा रविवारचा खेळ खेळत होता. मग उत्तर आलं, लता मंगेशकर. त्यानंतर रेकॉर्डीवर गाणाऱ्यांची नावं येऊ लागली. सव्वीस जानेवारीला प्रजासत्ताक आलं ते त्याच सुमारास. पण मतदानाचा हक्क वादकांपर्यंत पोचला नाही, असं म्हणायला हरकत नाही.

आता जाझकडे वळू. नाशकात बसून जाझवर बोलणारा मी कोण, असं कोणी विचारील. पण हिंदी सिनेमातलं जाझ गोदावरीच्याच काठानं आलेलं आहे. आमची गोदावरी इथून निघून पुणतांब्याला जाते. त्या पुणतांब्याला १९१८ साली रामचंद्र नरहर चितळकर जन्मले. म्हणजेच सी. रामचंद्र. अण्णा चितळकरांनी मराठी भावगीताचा गोडवा सोडला नाही आणि त्याच हातानं ट्रम्पेट, सॅक्सोफोन, बोंगो गाण्यात घातले. ते त्यांना वाजवून कोणी दिले? गोव्याच्या माणसांनी.

गोव्यात पोर्तुगीज अमलात चर्चच्या शाळांतून पोरांना सारेगम शिकवावी तसं युरोपीय स्वरलेखन शिकवत. त्यामुळे बार्देश-साष्टीच्या खेड्यातला पोरगा वही वाचावी तसा कागदावरचं संगीत वाचायचा. पोट भरायला तो मुंबईत यायचा, धोबीतलावाला आपापल्या गावाच्या ‘कूड’मध्ये पथारी टाकायचा आणि संध्याकाळी कोट चढवून हॉटेलात वाजवायला जायचा. ताजमहाल हॉटेलात १९३५ साली लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन बँड घेऊन आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. हा वेदरफर्ड पुढे १९४५ साली कलकत्त्यात पटकीनं वारला. कुठे अमेरिका, कुठे पटकी! पण तोवर आमच्या गोवेकरांनी त्यांच्याकडून जाझ उचललं होतं. हल्दोण्याचा आंतोनियो झेव्हियर वाझ हा त्यांतला बिनीचा. नाव घेतलं ‘चिक चॉकलेट’, ट्रम्पेट धरला तो थेट लुई आर्मस्ट्राँगच्या वळणाचा. लोक त्याला मुंबईचा आर्मस्ट्राँगच म्हणत.

मग १९४९ साली मुंबई राज्यात दारूबंदीचा कायदा आला. त्याचं श्रेय मोरारजीभाईंना. त्या कायद्यानं किती जणांची दारू सुटली ते मला माहीत नाही, पण हॉटेलातल्या रात्री सुन्या झाल्या. रिकामा ग्लास समोर ठेवून जाझ कोण ऐकणार? वादक मंडळी दिवसाच्या कामाकडे, म्हणजे सिनेमाच्या स्टुडिओकडे अधिकाधिक वळली. दारूबंदीचा हिंदी चित्रपटसंगीताला झालेला हा फायदा कोणत्याही सरकारी अहवालात नाही.

चिक चॉकलेट सी. रामचंद्रांचा सहायक झाला. १९५१च्या ‘अलबेला’त एका गाण्यात तो आपला बँड घेऊन चक्क पडद्यावर आला आहे. झालरी-झालरींचे सदरे घातलेत आणि भगवानदादा पुढे नाचतायत. काकांनी हे गाणं लहानपणी थिएटरात पाहिलं, पण त्यांना भगवानदादांच्या पायांपलीकडे काही आठवत नाही. मास्तरांनी मात्र चौदा वेळा फक्त ट्रम्पेटवाल्याला पाहिलंय. “साहेब, तो नाचता नाचता वाजवत होता आणि नीट वाजवत होता. वरातीत वाजवल्याशिवाय ते कळायचं नाही,” असं ते म्हणतात. ‘आशा’ या १९५७च्या चित्रपटातलं किशोरकुमारचं निरर्थक शब्दांचं गाणं सर्वांना ठाऊक आहे. त्यात ‘मला नको’ अशा अर्थाचे कोकणी शब्द आलेत, ते घातले म्हणतात जॉन गोम्स या अण्णांच्या गोवेकर सहायकानं. देशभर लोक अर्थ न कळता ‘मला नको, मला नको’ गात नाचत होते. बँकेतसुद्धा कर्जाचा असा प्रचार कोणी केला नसेल.

सी. रामचंद्रांनी १९७७ साली ‘माझ्या जीवनाची सरगम’ हे आत्मचरित्र लिहिलं आणि १९८२ मध्ये ते गेले. चिक चॉकलेट त्यांच्या आधीच, १९६७ साली गेला. त्यानं आत्मचरित्र लिहिलं नाही. तो जे काही बोलायचं ते ट्रम्पेटमधून बोलून बसला होता, आणि त्यावर नाव घालायची पद्धत नव्हती.

अँथनी गोन्साल्विसचं तर याहून विचित्र. माजोर्ड्याचा हा व्हायोलिनवादक. वाद्यवृंदाची रचना लिहून देण्यात हातखंडा. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधले प्यारेलाल त्याच्याकडे व्हायोलिन शिकले. १९५८ साली त्यानं मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजात भारतीय राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद यांचा मेळ घालणारा कार्यक्रम केला. १९६५ साली तो अमेरिकेला निघून गेला. मग १९७७ मध्ये ‘अमर अकबर अँथनी’ आला आणि शिष्यानं गुरूचं नाव अमिताभ बच्चनच्या तोंडी घातलं. अंड्यातून बाहेर येऊन अमिताभ ते नाव सांगतो. गणपतीपुढे, लग्नात, सहलीच्या बसमध्ये, कुठे म्हणून ते नाव घेतलं गेलं नसेल? हिंदी सिनेमातल्या एकाच वादकाचं नाव देशातल्या पोराटोरांच्या तोंडी होतं, आणि सगळ्यांना वाटत होतं की असा माणूसच नाही! खरा अँथनी परत येऊन गोव्यात आपल्या गावी राहिला आणि २०१२च्या जानेवारीत वारला.

आता थोडी तुमची परीक्षा घेतो. रविवारचे आमचे ठेवणीतले पेपर आहेत हे. ‘नागिन’, १९५४, संगीत हेमंतकुमार. बीन कोणी वाजवली? नवा पाहुणा म्हणतो, कोणीतरी गारुडी धरून आणला असेल. बीन नव्हेच ती. क्लॅव्हिओलिन नावाचं विजेवर चालणारं परदेशी वाद्य, आणि वाजवणारे कल्याणजी. पुढे आनंदजींच्या जोडीनं संगीतकार झाले ते. सोबतीला हार्मोनियमवर रवी, तेही पुढे संगीतकार झाले. गारुड्याचा यात काही संबंध नाही. उलट त्यानंतर देशभरचे गारुडी तीच धून वाजवू लागले, म्हणजे नक्कल कोणी कोणाची केली ते पाहा.

दुसरा पेपर. ‘गाईड’, १९६५. लताबाईंचं नाचाचं गाणं, तबल्यावर कोण? इथे भले भले तबलजींची घराणी मोजायला लागतात. तबल्यावर आहेत पंडित शिवकुमार शर्मा, संतूरवाले! राहुलदेव बर्मनच्या आग्रहाखातर ते त्या दिवशी तबल्यावर बसले. आणि हा राहुलदेव स्वतः ‘दोस्ती’त, १९६४ साली, लक्ष्मीकांत-प्यारेलालांकडे माउथ ऑर्गन वाजवून गेलाय. तिसरा पेपर सोपा. ‘आराधना’तल्या त्या पावसाळी रात्रीच्या गाण्यातला ॲकॉर्डियन. कोणी गुडी सीरवाई म्हणतो, कोणी पुण्याचे इनॉक डॅनियल्स म्हणतो. तो केरसी लॉर्ड. काकांनी हा पहिल्या फटक्यात ओळखला. कसा, विचारलं तर म्हणाले, “अरे, पारशी माणूस आहे. भाता ओढताना हवा वाया घालवत नाही.” ही तर्काची पद्धत रॉय एल्ड्रिजचीच, फक्त या वेळी उत्तर बरोबर आलं.

सॅक्सोफोनवर मात्र आमच्यात वाद होत नाही. मनोहारी सिंग १९५८ साली कलकत्त्याहून मुंबईला आले आणि २०१०ला जाईपर्यंत वाजवत राहिले. त्यांचा सूर आला की तिघेही एकदम बोट वर करतो. असा स्वच्छ, रेघ न मोडणारा सूर म्हणजे छापील सही. याच मनोहारींनी बासू चक्रवर्तींच्या जोडीनं १९७६ साली ‘सबसे बडा रुपैया’ला संगीत दिलं, हे आमच्या बँकेत कोणालाही माहीत नाही याचा मला खेद आहे. आणि १९६८ साली शंकर-जयकिशननी एक लाँगप्लेइंग काढली, ‘रागा जाझ स्टाइल’, रईस खाँची सतार आणि मनोहारींचा सॅक्सोफोन. तोडी, भैरव सगळे जाझच्या कपड्यात. ती मी कोणालाही उसनी देत नाही. नातेवाइकांना तर नाहीच.

गंमत संपली की एखाद्या रविवारी विषय गंभीर वळण घेतो. नाशिकरोडला १९२८ पासून नोटा छापल्या जातात. नोटेवर सही गव्हर्नरची. छापणाऱ्याचं नाव नसतं, आणि त्यात कोणाला गैर वाटत नाही. त्याला पगार आहे, रजा आहे, फंड आहे. मग वादकाचं नाव नसलं तर बिघडलं काय, असा सवाल काकांनी एकदा टाकला. हिशोबाच्या दृष्टीनं सवाल बिनतोड होता. पण नोट कोणी छापली म्हणून ती जास्त गोड होत नाही. गाण्याचं तसं नाही. शिवाय वादकाला त्या दिवसाचे पैसे मिळाले की त्याचा गाण्याशी संबंध संपला. रेकॉर्ड पन्नास वर्षं वाजली तरी चहाचा कप नाही.

म्हणून मी एकदा कायदा काढून वाचला. कॉमर्सला असल्याचा एवढाच फायदा, कायद्याची भाषा पाहून घाम फुटत नाही. कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात गाणाऱ्या-वाजवणाऱ्या कलाकाराला स्वतःचा हक्क मिळाला तो १९९४च्या दुरुस्तीनं, म्हणजे सदतीस वर्षांनी. मुदत पंचवीस वर्षं, पुढे १९९९ मध्ये ती पन्नास झाली. मग २०१२ची दुरुस्ती आली, त्यात कलाकारांसाठी पुष्कळ चांगल्या गोष्टी आहेत. पण ‘कलाकार’ कोणाला म्हणावं या व्याख्येला एक शेपूट जोडलंय. चित्रपटात ज्याचं काम किरकोळ किंवा प्रासंगिक आहे, आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीत किंवा कुठेच दिलं जात नाही, तो कलाकार समजला जाणार नाही. कोणी त्याच्या कामाची मोडतोड करून त्याच्या लौकिकाला बाध आणला तर तेवढ्यापुरता अपवाद. मी ते दोनदा वाचलं. शेपूट गर्दीतल्या एक्स्ट्रांसाठी असेल. पण प्रत्येक गाण्यापुरता बोलावलेला वादक किरकोळ की कसा, हे ठरवणार कोण? तर रिवाज. आणि रिवाज काय? नाव न देण्याचा. नाव दिलं नाही म्हणून कलाकार नाही, कलाकार नाही म्हणून नाव नाही. आमच्या बँकेत पत्त्याच्या पुराव्यासाठी खातं आणि खात्यासाठी पत्त्याचा पुरावा मागतात, त्याच जातीचं हे.

बँक तरी बरी म्हणायची. ठेव दहा वर्षं कोणी विचारली नाही तर ती २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या निधीत जमा होते. पण खात्यावरचं नाव पुसत नाहीत. वारस कागद घेऊन आला की पैसे व्याजाच्या नियमाप्रमाणे परत. वाजवणाऱ्यांच्या नावांच्या बाबतीत ही खातेवहीच नाही. जे काही आज माहीत आहे ते लोकांनी उरल्यासुरल्या वादकांच्या घरी जाऊन विचारलं म्हणून. ग्रेगरी बूथ नावाच्या परदेशी प्राध्यापकानं त्यांच्या मुलाखती घेऊन २००८ साली जाडजूड पुस्तक काढलं. नरेश फर्नांडिस यांनी मुंबईच्या जाझवर ‘ताजमहाल फॉक्सट्रॉट’ लिहिलं. ज्यांना विचारायचं राहून गेलं, त्यांच्यापुरता कान हाच पुरावा.

आणि इथे मास्तरांची गोष्ट सांगायला हवी. हे गृहस्थ आमच्याकडे येऊ लागले त्याला तीन वर्षं झाली. खेळात त्यांचं फारसं लक्ष नसायचं. मनोहारी, केरसी ते पटापट सांगून टाकत आणि मग ढिगातली क्लॅरिनेट असलेली, कोणाला ठाऊक नसलेली पडेल चित्रपटांची गाणी मागत. ऐकायचे, मान हलवायचे, ‘पुढची लावा’. एकदा मी विचारलंच. तेव्हा कळलं की, बाहत्तर-त्र्याहत्तर साली, विशी नुकती ओलांडली असताना, एका ठेकेदारानं त्यांना मुंबईला नेलं होतं. नेहमीचा क्लॅरिनेटवाला आजारी. एका दिवसात दोन गाणी वाजवली. चित्रपट कोणता, संगीतकार कोण, काही सांगितलं नाही. समोर कागद होता, मास्तरांना तो वाचता येईना, तेव्हा शेजारच्या गोवेकर व्हायोलिनवाल्यानं गुणगुणून त्यांचा तुकडा दाखवला. रोख पैसे मिळाले, त्यातून आईला लुगडं घेतलं आणि रात्रीच्या गाडीनं नाशिकरोडला उतरून दुसऱ्या दिवशी देवळालीच्या वरातीत उभे राहिले.

“म्हणजे तुम्ही तुमचंच गाणं शोधताय, मास्तर?”

“होय साहेब. दुसऱ्या कडव्याच्या आधी माझा चार ओळींचा तुकडा आहे. त्यात माझी पत्ती एकदा जराशी चिरकली होती. सगळ्यांचं एकदम वाजवणं, परत घ्यायला वेळ नव्हता. तशीच राहिली असणार.”

पन्नास वर्षं हा माणूस स्वतःला ऐकायला गेलेला आहे. आधी हॉटेलांतल्या रेडिओवर, मग कॅसेटच्या दुकानांत, आता नातवाच्या मोबाइलवर. घरात कोणाचा विश्वास नाही. सून म्हणते, “बाबांचं आहे आपलं काहीतरी.” सही आहे, चेक आहे, पण खातं कोणत्या बँकेत ते सांगणारा कोणी नाही.

काकांनी त्या दिवसापासून खेळाचे नियम बदलले. आधी तासभर मास्तरांच्या रेकॉर्डी, मग बाकीचं. मी बाजारात बाहत्तर-त्र्याहत्तरचं काहीही दिसलं की उचलतो. विक्रेत्यानंही ते हेरलंय, भाव वाढवलाय. आमच्या घरातून आता चाकांविषयी तक्रार नाही. उलट परवा तिनंच विचारलं, “या वेळी काही मिळालं का हो त्यांचं?”

गेल्या रविवारी एक मिळाली होती. लेबल अर्धं उडालेलं, चित्रपटाचं नाव कोणीही न ऐकलेलं. पहिलं कडवं गेलं, मग व्हायोलिनं आली, आणि त्यांच्यातून क्लॅरिनेट वर चढलं. मास्तर पुढे सरकून बसले. काकांच्या हातातली पोह्यांची बशी तशीच राहिली. चार ओळी झाल्या. कुठेही काही चिरकलं नाही. गाणं संपेपर्यंत मास्तर बोलले नाहीत.

“हा मी नव्हे,” ते म्हणाले. “हा ओळीच्या मध्ये दम घेतो. मी ओळीच्या शेवटी घेतो.” मग जरा थांबून म्हणाले, “पण पोरगं चांगलं वाजवत होतं हो. कोण असेल?”

काकांनी बशी खाली ठेवली आणि म्हणाले, “परत लाव रे.”